ओल पहिल्या मजल्यावर, दोष पेव्हर ब्लॉकखाली

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मी दोनदा वाचली. ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनच वर्षांपूर्वी झालंय, चौथ्या मजल्यावर थेंब नाही, तिसऱ्यावर नाही, मग पहिल्या मजल्यावर आमच्याच भिंतीला ओल कशी?’ उत्तर याच ओळीत आहे. पाणी गच्चीतून आत शिरत असतं तर वरच्यांनी तुमच्याआधी बोंब मारली असती. तुमच्याकडे येणारं पाणी खाली तुंबून वर चढतंय.

तुम्ही कळवलेलं थोडक्यात असं. मुलुंड पूर्व, १९८६ ची इमारत, तळमजला अधिक चार. पश्चिमेच्या कोपऱ्यातली खोली, जिथे सासूबाई झोपतात. त्या कोपऱ्याला बाहेरून गच्चीचा पावसाळी पाईप उतरतो. भिंतीला पोपडे, खाली पांढरी पूड, कपाटाच्या मागे बुरशी. वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारून झाले, आता रंगारी पुट्टी काढून तिसरा मारतो म्हणतोय आणि तुम्हाला हे गणपतीच्या आत उरकायचंय. सेक्रेटरी म्हणतात, हा तुमच्या फ्लॅटमधला अंतर्गत प्रश्न. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की गच्चीच्या कामाबरोबरच कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले.

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू.

मी गेली सव्वीस वर्षं मुंबईतल्या सोसायट्यांची प्लंबिंगची आणि गळतीची कामं करतो. पावसाळी पाईपची तक्रार आली की बहुतेक जण आधी गच्चीवर जातात. मी आधी खाली जातो आणि पाईपचं तोंड शोधतो. जुन्या इमारतींमध्ये हे तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर उघडं असायचं, खाली गटाराची जाळी. पाणी डोळ्यांसमोर पडायचं. कंपाउंड ‘नीट’ करायचं ठरलं की भराव घालतात, त्यावर रेती, त्यावर ब्लॉक. जमीन सहा-आठ इंच वर येते. पाईपचं तोंड गाडलं जातं, चेंबरचं, म्हणजे गटाराच्या जमिनीतल्या हौदाचं, झाकण ब्लॉकखाली जातं, आणि पाईप जमिनीत शिरताना दिसतो म्हणून सगळ्यांना वाटतं की तो कुठेतरी जोडलेला असणारच. अनेकदा तो भरावात जाऊन संपतो. जोडलेला असला तरी बेंडमध्ये, म्हणजे पाईपच्या वळणाच्या तुकड्यात, रेती-सिमेंटचा गोळा बसलेला असतो.

आता हिशेब बघा. चार इंची पाईप, १० मीटर उंची, त्यात पाणी मावतं किती? जेमतेम ८० लिटर. दोन बादल्या आंघोळीच्या आणि दोन कपड्यांच्या, संपलं. गच्चीचा ४० चौरस मीटर भाग त्या पाईपवर उतरत असेल आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असेल, जो मुंबईत जुलैमध्ये कुणी मुद्दाम मोजायलाही जात नाही, तर तासाला २,००० लिटर पाणी येतं, म्हणजे मिनिटाला तेहतीस. खालचं तोंड बंद असेल तर तो पाईप अडीच मिनिटांत दहा मीटरपर्यंत भरतो. दहा मीटर उभं पाणी म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब. पावसाळी पाईपचे सांधे या दाबासाठी केलेलेच नसतात. पाणी भिंतीला लागून घसरत जाईल, एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित असतं. वाहत्या पाण्यात वीस वर्षं न गळलेला सांधा तुंबलेल्या पाण्यात पहिल्याच दिवशी गळतो. दाब खाली सर्वांत जास्त, म्हणून तळमजला आणि पहिला मजला भिजतो आणि चौथा कोरडा राहतो. त्यात पश्चिमेची भिंत म्हणजे नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर. सांध्यातून उडालेलं पाणी तो भिंतीच्या भेगेत दाबून घालतो.

ओल कुठे आहे यावरून दोष कुठे, हे बऱ्यापैकी कळतं. फक्त सर्वांत वरच्या मजल्याच्या छताला, पाईपच्या कोपऱ्यात असेल तर खुर्रा, म्हणजे गच्चीवर पाईपच्या तोंडाशी केलेला खोलगट भाग, फुटलेला असतो. मधल्याच एखाद्या मजल्यावर, वर-खाली कोरडं, तर तिथला एक सांधा किंवा पाईपला गेलेली चीर. खालून वर कमी होत जाणारी ओल असेल तर तळ तुंबलाय. आणि वरपासून खालपर्यंत एकसारखा पट्टा असेल, पाईप बाहेर कुठे दिसतच नसेल, तर तो कॉलमच्या किंवा भिंतीच्या पोटातून नेलेला असतो. तो प्रकार सर्वांत वाईट. आतली सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट फोडतो. असा पाईप दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. वरून-खालून कायमचा बंद करा, बाहेरून नवा पाईप उतरवा आणि कॉलम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

तुमच्याकडची खात्री तुम्ही घरबसल्या करू शकता. जोराच्या सरीत खिडकीतून हात पोचेल तिथे लाकडी काठीने पाईपवर टकटक करा. रिकाम्या किंवा वाहत्या पाईपचा आवाज पोकळ येतो, भरलेल्याचा बद्द. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा वाजवा. तरीही बद्द वाजला तर पाणी आत उभं आहे, वाद संपला. त्या वेळी सेक्रेटरींना खिडकीशी बोलवा आणि काठी त्यांच्या हातात द्या. मीटिंगमध्ये तासभर बोलण्यापेक्षा हे बरं. मात्र त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरपेटीतला वीज तोडणारा खटका, आधी खाली करा. ओल्या भिंतीतल्या वायरिंगशी खेळ नको.

भर पावसात करण्यासारखं काम एकच: तोंड मोकळं करणं. पाईप जमिनीत शिरतो तिथले दीड-दोन फुटांतले ब्लॉक उचला. बेंड सापडेल. पाईप जमिनीपासून साधारण एक फुटावर कापा. कापताना बाजूला उभं राहा, कारण साठलेलं पाणी भसकन येतं आणि सोबत काय काय येतं! एका ठिकाणी माझ्या माणसाच्या पायावर आख्खी वीट पडली होती. कापलेल्या टोकाला एक तिरका तुकडा लावून पाणी इमारतीपासून दूर फेका. दिसायला गावठी दिसतं, पण पुढच्या सरीला तुमची भिंत वाचते. जुना राखाडी सिमेंटचा पाईप असेल तर थांबा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. कोरडा ग्राइंडर लावायचा नाही. सांध्यातून सोडवता आला तर उत्तम, नाहीतर पाणी मारत, चांगला मास्क लावून, हातकरवतीने.

पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमाराला, पक्कं काम घ्या. त्यात माझा एक हट्ट आहे आणि त्यावरून आर्किटेक्टांशी माझी भांडणं झालीत: पाईपचं तोंड जमिनीत गाडायचं नाही. जमिनीपासून सहा इंच वर, जाळीच्या गटारावर, डोळ्यांना दिसेल असं सोडायचं. कंपाउंड थोडं कमी देखणं दिसेल. पण उद्या चेंबर तुंबलं तर पाणी कंपाउंडमध्ये सांडेल, पाईपमध्ये चढणार नाही. वॉचमनलाही कळेल. गाडलेला पाईप तुंबला की पहिली बातमी तुमच्या बेडरूमच्या भिंतीला कळते.

गाडण्यावाचून गत्यंतरच नसेल, समजा तिथे गाड्या उभ्या राहतात, तर काटकोनी एल्बो न लावता दोन ४५ अंशांचे बेंड लावा, आणि जमिनीपासून दोन फुटांवर साफसफाईचं दार असलेला तुकडा बसवा. जमिनीखालच्या पाईपला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार. चेंबरच्या तळाला, बाहेर जाणाऱ्या पाईपच्या खाली, सहा इंच खोलगट जागा ठेवा म्हणजे गाळ तिथे बसेल आणि काढता येईल. झाकणावर पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका. हे मी दरवेळी लिहून देतो आणि दरवेळी कुणीतरी बसवतंच.

पाणी कुठे जातं हेही एकदा तपासाच. गच्चीवरून बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून त्या पाईपमध्ये ओता आणि खाली चेंबरं उघडून बघा. मुंबईत पावसाचं पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पावसाचं पाणी पर्जन्यवाहिनीत जायला हवं. रंग संडासाच्या चेंबरमध्ये दिसला तर तळमजल्यावर पावसात कमोडमधून पाणी का उसळतं, त्याचंही उत्तर मिळेल. उलटा प्रकारही सर्रास होतो. बाल्कनी बंद करून वॉशिंग मशीन ठेवलं, बेसिन लावलं, आणि जवळचा पाईप म्हणून पावसाळी पाईपला भोक पाडलं. साबणाचा चिकटा आणि स्वयंपाकघरातलं तेल पाईपच्या आत थर धरतं, त्यावर गच्चीवरची माती चिकटते, आणि चार इंचांचा पाईप अडीच इंचांचा होतो. मग कुणी म्हणतं पाईप लहान पडतोय, मोठा टाका. पाईपला बाहेरून किती नळ्या येऊन मिळतात, ते खाली उभं राहून मोजा. उन्हाळ्यात, पाऊस नसताना, पावसाळी पाईपमधून पाणी टपकत असेल तर ते कुणाच्या तरी घरचं असतं.

पाईपच्या मापाबद्दल तुम्ही विचारलंय. राष्ट्रीय इमारत संहितेत यासाठी तक्ता आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरच्या पाईपवर सुमारे ४२ चौरस मीटर गच्ची चालते. साधारण साडेचारशे चौरस फूट. तुमची गच्ची मोजा आणि पाईप मोजा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या हिशेबाने कुणी घर बांधत नाही, पण तासाला १०० हा आकडा मुंबईसाठी धरावाच. पाईप बहुधा पुरेसे असतात. गडबड होते ती गच्चीवर पत्र्याची शेड टाकल्यावर. शेडचा सगळा उतार एका बाजूला, त्या बाजूला एक पन्हळ, पन्हळीला दोन पाईप. पूर्वी जे पाणी सहा पाईपांत वाटलं जात होतं ते आता दोघांवर येतं, बाकीचे चार कोरडे. शेड टाकणारा फॅब्रिकेटर पत्र्याचे चौरस फूट मोजतो, पाण्याचे लिटर मोजत नाही. तुमच्याकडे शेड असेल तर दुसऱ्या बाजूलाही उतार देता येतो का, किंवा पन्हळीचं पाणी गच्चीवर पसरून बाकीच्या खुर्ऱ्यांकडे जाऊ देता येतं का, ते बघा.

आमच्या गुहागरकडच्या घराला यातलं काहीच नव्हतं. कौलांवरून पागोळ्या भिंतीपासून दोन हात लांब अंगणात पडायच्या, जिथे पडायच्या तिथे चर पडायचा, आणि तो चर पाणी माडांकडे न्यायचा. भिंतीला पाणी लागूच द्यायचं नाही, एवढाच विचार. सपाट गच्ची आली आणि आपण सगळं पाणी गोळा करून भिंतीलगतच्या नळीत कोंबू लागलो.

म्हणून नवा पाईप घालताना तो भिंतीपासून निदान दोन बोटं सुटा ठेवा. गळला तरी पाणी हवेत पडेल, प्लास्टरमध्ये मुरणार नाही, आणि मागून रंगाचा ब्रश फिरेल. पीव्हीसी पाईपचं सॉकेट, म्हणजे रुंद तोंड, वरच्या दिशेला हवं, म्हणजे वरचा पाईप खालच्याच्या पोटात उतरतो. हे सांगायला कसंसंच वाटतं, पण मी उलटे बसवलेले पाईप मोजायचं कधीच सोडलंय. सॉकेट खाली तोंड करून असेल तर प्रत्येक सांध्याशी पाणी बाहेर यायला मोकळं. सांध्यांना रबर रिंग वापरा आणि आत पाईप घालून झाल्यावर एक सेंटिमीटर मागे ओढा. मेच्या उन्हात पीव्हीसी लांबतं, त्याला जागा लागते. सगळे सांधे सोल्युशनने चिकटवले तर ते कुठेतरी तडकतं. तीन मीटरच्या तुकड्याला किमान दोन क्लॅम्प. जुने गंजके क्लॅम्प भिंतीत तसेच ठेवून रंगवू नका. काढा आणि भोकं नीट बुजवा. आणि सांध्यात पिंपळ उगवला असेल तर तो वरून छाटण्यात अर्थ नाही. मुळासकट काढायला तो सांधाच उघडावा लागतो.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग नवं आहे म्हणून तिकडे फार वेळ घालवत नाही, पण खुर्रा एकदा बघून या. गळती बहुधा कोब्यातून, म्हणजे गच्चीच्या सिमेंटच्या थरातून, होत नाही, ती पाईप आणि सिमेंट जिथे भेटतात तिथून होते. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. नव्याने करायचं झालं तर पाईपच्या बाहेरच्या अंगाला सोल्युशन लावून त्यावर कोरडी रेती चिकटवा, म्हणजे मसाला धरेल, आणि वॉटरप्रूफिंगचा थर पाईपच्या तोंडाच्या आत दोन-तीन इंच उतरवा. भेगेत एम-सील भरून निघून जाणारा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येणार हे धरून चाला. जाळी घुमटासारखी हवी. सपाट जाळीला एक दुधाची पिशवी पुरते. आणि दुरुस्तीचं कुठलंही काम गच्चीवर चाललं असेल तेव्हा सगळ्या पाईपांची तोंडं गोणपाटाने बंद करून घ्या, शेवटी मोजून उघडा. गवंडी उरलेला मसाला धुऊन कुठे सोडतो, हे तुम्हाला आता कळलं असेल. तुमच्याकडे गच्ची आणि पेव्हर एकाच हंगामात झालेत. बेंडमधला गोळा नेमका कुठल्या कामाचा, ते फोडल्यावर रंगावरून कळेल.

वरूनच दुरुस्ती करायची ही चूक माझ्याकडूनही झालीय. सुरुवातीच्या वर्षांत बोरिवलीत एका इमारतीचा खुर्रा मी नव्याने केला, भिंतीला बाहेरून कोटिंग केलं, पैसे घेतले. पुढच्या जुलैत दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला बोलावून ओली गादी दाखवली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी मी खाली जाऊन पहिल्यांदा चेंबर उघडलं, आणि ते काम पुन्हा फुकट केलं.

आता खर्चाचं. सेक्रेटरींना सोसायटीचे उपविधी उघडायला सांगा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाईपमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची, असं स्पष्ट आहे. पाईप सामाईक आहे, कंपाउंड सामाईक आहे. याला अंतर्गत म्हणता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोबत फोटो जोडा. भांडून नका देऊ. पहिल्या मजल्याचं हे दुखणं उद्या तळमजल्याच्या प्लिंथचं, म्हणजे जोत्याचं, होणार आहे, आणि गाडलेल्या तोंडाचं पाणी पायाशीच मुरतंय, हे त्यात लिहा; कमिटी त्याने हलते.

एक गोष्ट मात्र सोसायटीच्याही हातात नाही. शहरातली जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, नंतरच्या सुधारणा ५० च्या हिशेबाने आखल्या गेल्या. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की समुद्राकडची तोंडं पाणी घेत नाहीत आणि रस्ताच भरतो. त्यात रस्ते काँक्रीटचे होऊन कंपाउंडपेक्षा उंच झालेत. अशा वेळी बाहेरचं पाणी तुमच्या चेंबरमध्ये उलटं येतं. शेवटच्या चेंबरला एकाच दिशेने उघडणारी झडप लावतात, पण ती मिटली की तुमच्या गच्चीचं पाणीही आतच अडकतं, हे लक्षात घेऊन लावा. मी ती फक्त खोलगट कंपाउंडला सुचवतो. आणि पाणी जावं म्हणून रस्त्यावरचं मॅनहोल कुणी, कधीही उघडायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून जीव गेला, तो दिवस आमच्या धंद्यातला कुणी विसरलेला नाही.

राहिली तुमची आतली भिंत. तिसरा हात मारू नका. ती पांढरी पूड म्हणजे लोणा. विटेतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात. वरून रंगाचा पापुद्रा चढवला की पाणी आतच कोंडतं आणि पापुद्रा फुगून पडतो, दोनदा बघितलंत. पाईप मोकळा झाल्यावर पोपडे खरवडून काढा, सुटलेलं प्लास्टर ओलीच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत उतरवा आणि वीट उघडी राहू द्या. कपाट भिंतीपासून लांब, पंखा चालू. बुरशी असेपर्यंत सासूबाईंचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा, हे रंगापेक्षा आधी. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात. नवं प्लास्टर फेब्रुवारी-मार्चमध्ये, रंग त्यानंतर. यंदा मखर दुसऱ्या भिंतीला लावा, आणि पाहुण्यांनी विचारलं तर खरं ते सांगा. निम्म्यांच्या घरी हेच चाललेलं असेल.

आणि आज पाईप कापून घ्याल, तर त्याच दिवशी भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख घाला. दर रविवारी नवी रेघ. रेघा आत सरकत गेल्या तर पाईपनेच तुम्हाला छळलं होतं. दोन-तीन मोठ्या सरींनंतरही रेघ बाहेरच सरकत असेल तर मला पुन्हा लिहा, पण त्याआधी वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमची भिंत तुमच्या त्या कोपऱ्यावर येते का, ते बघून ठेवा.